पायलट ट्रेनिंगला ४८ लाख: घर तारण ठेवू की उसाची जमीन?

करवीर_पालक

मुलगी बारावी सायन्स झाली, फिजिक्स-मॅथ्स दोन्ही विषय आहेत. सीपीएल (व्यावसायिक पायलट परवाना) करायचं म्हणते. महाराष्ट्रातल्याच एका फ्लाइंग स्कूलचं कोटेशन आलंय: ४८ लाख, त्यात २०० तास उड्डाण आणि ग्राउंड क्लास, हॉस्टेल वेगळं. घरचे ८ लाख जमतात, बाकी ४० लाखांचं कर्ज काढावं लागणार.

तारणाला तीन गोष्टी आहेत. कोल्हापुरात राजारामपुरीतलं वडिलोपार्जित घर (मिळकत पत्रिकेवर अजून वडिलांचंच नाव, ते वारलेत, मला दोन बहिणी). करवीर तालुक्यात सव्वादोन एकर ऊस, सातबारा चुलत्यांबरोबर सामाईक. आणि उचगावात गुंठेवारीतला दोन गुंठ्यांचा प्लॉट. शिरोली एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात वर्कशॉप चालवतो, आयटीआर नऊ लाखांच्या आसपास.

शैक्षणिक कर्ज मिळेल, की सरळ घर तारणावरचं कर्ज काढू? आणि स्कूलवाले ६० टक्के फी प्रवेशावेळीच मागतात, भरावी का?

बोजा_नोंद

आधी तारणाचं बघू. ४० लाखांच्या फायली अडतात त्या तिथंच, कोर्समुळे क्वचित.

बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांपर्यंत स्थावर तारण लागत नाही, त्यापुढे स्थावर किंवा तत्सम तारण लागतंच. ‘पहिले साडेसात लाख विनातारण द्या, उरलेल्याला घर घ्या’ असं होत नाही. रक्कम साडेसात लाखांच्या वर गेली की पूर्ण कर्जाला तारण.

उसाची जमीन विसरा. सरफेसी (बँकेला कोर्टाशिवाय तारण जप्त करू देणाऱ्या) कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे शेतजमिनीवर त्या कायद्याखालची जप्ती चालत नाही, त्यामुळे कर्ज थकलं तर बँकेला कोर्टाची वाट धरावी लागते. म्हणून पीककर्ज सोडून इतर कर्जाला शेतजमीन म्हटलं की मॅनेजर मान हलवतो. त्यात तुमचा सातबारा सामाईक, म्हणजे चुलत्यांच्या सह्या. विकास सेवा संस्थेचा पीककर्जाचा बोजा इतर हक्कात असेल तर तोही आहेच. जमीन भोगवटादार वर्ग २ (शासनाच्या परवानगीशिवाय हस्तांतर न होणारी) असली तर विषयच संपला.

गुंठेवारीचा प्लॉट नियमितीकरणाचं प्रमाणपत्र आणि नोंदणीकृत खरेदीखत दोन्ही असेल तरच चालतो. नुसत्या नोटरी साठेखतावर घेतलेला असेल तर बँकेच्या वकिलाकडून टायटल क्लिअर होणार नाही.

राहिलं घर. तेच खरं तारण, पण आजच्या कागदांवर तेही चालणार नाही. सिटी सर्व्हे ऑफिसला मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र देऊन आधी वारस नोंद करून घ्या. नोंदीत दोन्ही बहिणी येतील, आई असतील तर त्याही. मग दोन वाटा: सगळ्या जणी सह-तारणदार म्हणून बँकेत येऊन सह्या करतील, किंवा तुमच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करतील. ‘बहिणींचं काही म्हणणं नाही’ हे तोंडी कुणी ऐकून घेत नाही. नोटिशीची मुदत, हरकत, फेरफार असं सगळं धरून या कामाला दोन-तीन महिने सहज जातात, तेव्हा प्रवेशाची तारीख ठरायच्या आधी हे सुरू करा.

दुसरं, व्हॅल्युअर येईल तेव्हा मंजूर नकाशा मागेल. वरचा मजला परवानगी न घेता चढवला असेल तर त्याची किंमत तो धरत नाही, किंवा अहवालात शेरा मारतो. राजारामपुरीत जागेलाच इतकी किंमत आहे की बहुधा अडचण येऊ नये, तरी जुना नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र शोधून ठेवा. तारणात थोडं कमी पडलं तर मुदत ठेव किंवा एलआयसीची सरेंडर व्हॅल्यू जोडता येते.

आणि एक. तुम्ही कुणाला पतसंस्थेत जामीन राहिला असाल तर ते आत्ताच आठवा. सिबिलमध्ये दिसेलच असं नाही, पण बँक आजूबाजूच्या संस्थांचे ना-देय दाखले मागते आणि तिथं हे बाहेर येतं. जुनं कर्ज तडजोडीत मिटवलं असेल तर अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा राहतो. उरलेली रक्कम भरून ना-देय दाखला घ्या आणि मग तो बदलायला टाका.

रनवे_२५

६० टक्के आधी? भरू नका. कुठलीही बँक शैक्षणिक कर्जाची रक्कम टप्प्याटप्प्यानेच आणि थेट संस्थेच्या खात्यात सोडते. मागणीपत्रात ‘६० टक्के प्रवेशावेळी’ असं लिहिलेलं असेल तर बँक तितके पैसे एकदम सोडेल आणि त्या दिवसापासून त्यावर व्याज चालू होईल. त्यामुळे स्कूलकडून फीचं वेळापत्रक लेखी बदलून घ्या, आणि ते तारखांना बांधून न घेता तासांना बांधून घ्या: ग्राउंड क्लासला एक हप्ता, सोलोनंतर (पहिल्यांदा एकटीने उडाल्यावर) दुसरा, ६० तासांना तिसरा, १२० तासांना चौथा, मल्टी-इंजिन सुरू होताना शेवटचा. पुढचा हप्ता सोडताना बँक लॉगबुकची प्रत आणि स्कूलचं प्रगतीपत्र मागेल, तेच तुमचं संरक्षण. फी पुढे आणि तास मागे, असं झालं की स्कूलला तुमच्या मुलीला विमान देण्याची घाई राहत नाही.

आता मूळ गोष्ट, कर्जाआधीची. मेडिकल, म्हणजे पायलटची वैद्यकीय तपासणी. आधी क्लास २, मग त्याहून कडक क्लास १. सीपीएल क्लास १ शिवाय मिळत नाही, आणि रंगदृष्टी, ईसीजी, कान, डोळ्यांचा नंबर यातलं काय कुठे अडेल ते आधी सांगता येत नाही. ‘तात्पुरतं अनफिट’ म्हणून शेरा आला की काही महिने थांबावं लागतं. कर्जाचा पहिला हप्ता गेल्यावर हे झालं तर व्याज चालू आणि उड्डाण बंद. म्हणून क्लास १ हातात आल्याशिवाय एक रुपयाही उचलू नका.

तिसरं, डीजीसीएचे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे) पेपर. एअर नेव्हिगेशन, मिटिऑरॉलॉजी, एअर रेग्युलेशन्स, टेक्निकल जनरल, टेक्निकल स्पेसिफिक. प्रत्येकात ७० टक्के लागतात. बारावीचं मार्कशीट घेऊन कॉम्प्युटर नंबर (डीजीसीए परीक्षेचा उमेदवार क्रमांक) काढला की उड्डाण सुरू व्हायच्या आधीही हे देता येतात. टेक्निकल स्पेसिफिक विमानाच्या मॉडेलवर असतो, तो स्कूल ठरल्यावर द्या, बाकीचे चार कोल्हापुरात घरी बसून अभ्यास करून काढता येतात. त्याचा खर्च ४८ लाखांपुढे किरकोळ. हे पेपर कर्ज सुरू व्हायच्या आधी सुटले तर कोर्सचा कालावधी, आणि त्याबरोबर व्याजाचा काळ, तितकाच आखडतो. मुलीला हे जमतंय की नाही तेही चार-सहा महिन्यांत स्वस्तात कळतं. नेव्हिगेशनलाच कंटाळा आला तर पुढे अवघड आहे.

रनवे_२५

वरती एक राहिलं. ‘१४ महिन्यांत सीपीएल’ या जाहिरातीवर कर्जाची मुदत ठरवू नका. स्कूलला जाऊन दोनच आकडे विचारा: आज उडणाऱ्या स्थितीतली विमानं किती आणि उड्डाणाच्या रांगेतले विद्यार्थी किती. समजा सहा विमानं आहेत, प्रत्येक महिन्याला ६० तास उडतं. म्हणजे महिन्याला ३६० तास. विद्यार्थी ६०, प्रत्येकाला २०० तास, एकूण १२,००० तास. भागाकार करा: ३३ महिने. हँगरमध्ये शटर खाली ओढून, इंजिन काढून ठेवलेली विमानं मोजणीत धरायची नाहीत. दर १०० तासांनी तपासणीला विमान बसतं, इंजिनचं ओव्हरहॉल लागलं तर ते काही महिने येत नाही, पावसाळ्यात जून ते सप्टेंबर ढगांखाली सोलो मिळणं मुश्कील, आणि प्रशिक्षक सोडून गेला तर सगळी रांग थांबते. डीजीसीएने २०२५ पासून फ्लाइंग स्कूलची क्रमवारी लावायला सुरुवात केली, तीही बघा. पहिल्या यादीत वरच्या दोन श्रेणी कुणालाच मिळाल्या नव्हत्या, यावरून काय ते समजा.

कोटेशनमध्ये पुढच्या ओळी आहेत का तेही तपासा: इंधनाचा दर वाढला तर अधिभार, २०० च्या पुढे लागलेल्या तासांचा दर, स्किल टेस्ट पुन्हा द्यावी लागली तर विमानाचं भाडं, परीक्षकाची फी, आरटीआरचा (रेडिओ परवान्याचा) खर्च, मधेच सोडलं तर परतावा. बहुतेकांचे २०० तासांत संपत नाहीत. शेवटच्या सहा महिन्यांत ठरावीक तास उडालेले असावे लागतात, रांगेमुळे खंड पडला की पुन्हा तास घ्यावे लागतात. कर्ज मंजूर करताना ही उशी धरलेली नसेल तर शेवटचे तीन-चार लाख पतसंस्थेतून चढ्या व्याजाने येतात. हे फार बघायला मिळतं.

करवीर_पालक

दोघांचेही आभार. बहिणींशी बोलतो, वारस नोंदीचं काम उद्याच सुरू करतो. व्याजाचं गणित कुणी मांडून दाखवेल का? शाखेत ‘कोर्स होईपर्यंत हप्ता नाही’ एवढंच सांगितलं, ऐकायला तर बरं वाटलं.

लक्ष्मीपुरी_हिशेब

ऐकायला बरं वाटतं तेच महाग पडतं. मी १०.५ टक्के धरतो, तुमची बँक जे देईल ते तिथं घाला. ४० लाख, चार हप्त्यांत प्रत्येकी १० लाख: सुरुवातीला, चौथ्या, आठव्या आणि चौदाव्या महिन्यात. कोर्स १८ महिने, त्यापुढे एक वर्ष सवलतीचा काळ, म्हणजे हप्ता सुरू होतो ३० महिन्यांनी. या काळात सरळव्याज लागतं. पहिल्या १० लाखांवर ३० महिन्यांचं २,६२,५००. दुसऱ्यावर २६ महिन्यांचं २,२७,५००. तिसऱ्यावर २२ महिन्यांचं १,९२,५००. चौथ्यावर १६ महिन्यांचं १,४०,०००. बेरीज ८,२२,५००.

हेच ४० लाख पहिल्या दिवशी एकदम उचलले असते तर १०,५०,०००. रनवे_२५ सांगतायत त्या टप्प्यांची किंमत सव्वादोन लाखांच्या वर आहे, ती अशी.

व्याज साठू दिलं तर ३० महिन्यांनी कर्ज ४८ लाख २२ हजार होतं आणि १२ वर्षांना हप्ता येतो साधारण ५९,०००. तेच व्याज दर महिन्याला भरत गेलात तर मुद्दल ४० लाखच राहतं आणि हप्ता ४९,००० च्या आसपास. महिन्याचं व्याज पहिले चार महिने ८,७५०, मग १७,५००, मग २६,२५०, चौदाव्या महिन्यानंतर ३५,०००. वर्कशॉपच्या उत्पन्नातून शेवटचा आकडा निघतो का हे तुम्ही ठरवा. नसेल निघत तर निदान पहिले वर्ष तरी भरा. अभ्यासकाळात व्याज नियमित भरलं तर काही बँका दरात १ टक्का सूट देतात. मंजुरीपत्रात ती ओळ नसली तर मागून घ्या, नंतर कुणी देत नाही.

घर तारणावरचं साधं कर्ज घेतलं तर हप्ता पुढच्या महिन्यापासून पूर्ण सुरू होतो, सवलतीचा काळ नाही. शिवाय आयकरातली शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट (१९६१ च्या कायद्यात कलम ८०ई) मागताना अडचण, कारण ती उच्च शिक्षणासाठी घेतलेल्या कर्जाच्या व्याजालाच आहे. शैक्षणिक कर्जावर व्याजाची पूर्ण रक्कम वजा होते, वरची मर्यादा नाही. पण जुनी करप्रणाली निवडली तरच, आणि व्याज भरायला सुरुवात केल्यापासून जास्तीत जास्त आठ वर्षं. कर्ज पतसंस्थेचं असेल तर ही वजावट नाही. भरणाऱ्याला मिळते हे लक्षात ठेवा: तुम्ही भरलंत तर तुम्हाला, पुढे मुलीच्या पगारातून गेलं तर तिला. म्हणून मुलगी मुख्य कर्जदार, तुम्ही सहकर्जदार, असंच ठेवा.

जीएसटीचं पण बघा. डीजीसीएमान्य फ्लाइंग स्कूलच्या मान्यताप्राप्त उड्डाण प्रशिक्षणावर जीएसटी नाही, हे २०२४ मध्ये परिपत्रकाने स्पष्ट झालंय. कोटेशनमध्ये १८ टक्के लावलेला असेल तर तो कशावर लावलाय ते लेखी विचारा. ४८ लाखांवर ही रक्कम थोडीथोडकी नाही.

कागल_नाका

फक्त दोन मुद्दे.

सीपीएल म्हणजे नोकरी नव्हे. पुढे ए३२० किंवा ७३७ चं टाइप रेटिंग (ते ठरावीक विमान चालवायची पात्रता), त्याचे आणखी बारा-पंधरा लाख किंवा जास्तच, आणि ते या ४८ मध्ये नाही. एअरलाइनची भरती निघेपर्यंत कधी सहा महिने, कधी दोन वर्षं. तेवढ्यात इन्स्ट्रुमेंट रेटिंगची वार्षिक चाचणी आणि मेडिकल चालू ठेवायचा खर्च येतोच. बँकेचा सवलतीचा काळ एक वर्ष, तो भरती निघाली नाही म्हणून थांबत नाही. घर तारण आहे, तर नोकरी न मिळता दोन वर्षं ५९ हजार कुठून भरणार याचं उत्तर आज कागदावर लिहा. उत्तर नसेल तर रक्कम कमी करा किंवा वर्षभर थांबा.

दुसरं, शिष्यवृत्त्या तपासून घ्या. अनुसूचित जातीच्या केंद्रीय मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत सीपीएल पहिल्या गटात येतं. महाज्योतीने ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत सीपीएल प्रशिक्षण राबवलंय, नवीन जाहिरात निघते का ते बघत राहा. पीएम विद्यालक्ष्मी म्हणून जे चाललंय ती केंद्राची कर्ज योजना, एनआयआरएफ (शिक्षणसंस्थांच्या सरकारी) क्रमवारीतल्या संस्थांसाठी आहे, फ्लाइंग स्कूलला त्याचा उपयोग नाही. एजंट त्याचं नाव घेऊन फाइल चार्ज मागतात, देऊ नका.

करवीर_पालक

आज शाखेत गेलो होतो. साहेब म्हणाले ‘हा कोर्स आमच्या यादीत नाही’, अर्जसुद्धा घेतला नाही. आता?

बोजा_नोंद

यादीत आहे. आदर्श योजनेच्या पात्र अभ्यासक्रमांत डीजीसीएने मान्यता दिलेलं पायलट प्रशिक्षण नावानिशी लिहिलेलं आहे. छोट्या शाखेत अशी फाइल क्वचित येते, म्हणून माहिती नसते. शिवाय रिझर्व्ह बँकेने उद्दिष्ट दिलेल्या प्राधान्य क्षेत्राच्या हिशेबात शैक्षणिक कर्ज २५ लाखांपर्यंतच धरतात, त्यावरच्या रकमेत शाखेला उद्दिष्टाचा फायदा नाही, म्हणून उत्साहही नसतो.

भांडू नका. बँकेकडे ऑनलाइन अर्ज टाका. अर्जाला क्रमांक पडतो, आणि नकार द्यायचा तर कारण नोंदवून द्यावा लागतो. त्याची प्रिंट घेऊन शाखेऐवजी बँकेच्या क्षेत्रीय कार्यालयातल्या कर्ज प्रक्रिया केंद्रात जा. बरोबर न्यायचं ते असं: स्कूलचं डीजीसीए मान्यतापत्र (मुदत बघा, संपत आली असेल तर वकील तिथंच बोट ठेवतो), टप्प्यांचं फी-वेळापत्रक स्कूलच्या शिक्क्यासह, मुलीचं क्लास १ मेडिकल, कॉम्प्युटर नंबर आणि सुटलेल्या पेपरांचे निकाल, तुमचे तीन वर्षांचे आयटीआर. उसाचं बिल बँकेत जमा होत असेल तर तो खातेउताराही, आणि यापुढे शेतीचं करमुक्त उत्पन्न आयटीआरमध्ये दाखवत चला. ते दाखवलेलं नसेल तर बँक धरत नाही.

तुमचा ८ लाखांचा हिस्सा एकदम भरू नका. स्वतःचा वाटा प्रत्येक हप्त्याबरोबर प्रमाणात भरायची सोय योजनेत आहे. उरलेली रक्कम मुदत ठेवीत ठेवा, नंतरच्या जादा तासांना कामी येईल.

मंजुरीपत्र आलं की सही करण्याआधी विम्याची ओळ वाचा. एकरकमी हप्त्याची कर्ज-संरक्षण पॉलिसी रकमेत घुसवतात आणि तिच्यावरही १२ वर्षं व्याज लागतं. मुलीच्या नावाचा साधा टर्म विमा बाहेरून घेऊन बँकेच्या नावे करून देता येतो. विमा बँकेकडूनच घ्या अशी सक्ती नाही. आणि घराचे मूळ कागद बँकेत ठेवून तारण केलं की ३० दिवसांत नोटीस ऑफ इंटिमेशन (तारणाची दुय्यम निबंधकाला द्यायची सूचना) दाखल झाल्याची पावती मागून घ्या. ती राहिली तर कर्ज फिटल्यावर बोजा उतरवताना सिटी सर्व्हेच्या जिन्यावर तुम्हालाच चढ-उतार करायची आहे.

रनवे_२५

क्लास १ ची तारीख मिळायला वेळ लागतो, बहिणींच्या सह्या होईपर्यंत थांबू नका, ईजीसीएवर (डीजीसीएच्या ऑनलाइन पोर्टलवर) मुलीचं प्रोफाइल आजच करा. क्लास २ ला जाताना बारावीचं मार्कशीट आणि आधारवरचं नाव अक्षरन् अक्षर सारखं आहे ना ते बघा. आडनाव-वडिलांचं नाव उलटसुलट असलं तर कॉम्प्युटर नंबरलाही अडतं आणि बँकेलाही.